नावाच्या दोन्ही बाजूंना

"अध्यक्षांना नवरे किती?"

शनिवारी सकाळी दात घासताना आलेल्या फोनवर एका अनोळखी म्हाताऱ्या आवाजानं मला हा प्रश्न विचारला. मी तोंडातला फेस गिळला. आधी गिळायचं आणि मग विचार करायचा ही माझी जुनी पद्धत आहे.

"कोण बोलतंय?"

"केळुसकर. मंडळातल्या मेधाचा बाप. तुमच्या अंकाचं पान चार, तिसरा परिच्छेद. 'मंडळाच्या अध्यक्षांचे पती सुहास यांनी सढळ हाताने मदत केली.' पतीनंतर स्वल्पविराम नाही, सुहासनंतरही नाही. म्हणजे अध्यक्षांना बरेच पती आहेत, त्यातल्या सुहास नावाच्या पतीनं मदत केली, बाकीचे हात बांधून उभे राहिले. म्हणून विचारलं, किती?"

"काका, मराठीत हे कोण पाळतं?"

"कोणी पाळत नाही. म्हणून तर फोन करावा लागतो."

तेव्हा मी परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मासिक अंकाचा संपादक होतो. कसा झालो, तर वार्षिक सभेत निवड चालली असताना मी गाडीतून बटाटेवड्यांचा ट्रे आणायला गेलो होतो. परत आलो तर टाळ्या. मला वाटलं वड्यांसाठी आहेत. माझं पोटापाण्याचं काम संगणकाचं. भाषेशी संबंध म्हणजे बायकोला, शुभदाला, पाठवलेले निरोप, आणि त्यांतही ती चुका काढायची. अशा माणसाच्या हाती बारा पानांचा अंक दिल्यावर अध्यक्षांना दोन-तीन नवरे जास्तीचे मिळाले तर नवल नव्हतं.

"पुढचा अंक छापण्याआधी इकडे घेऊन या," काका म्हणाले. "मूळ मजकूर वेगळा, पानं वेगळी. पानांना समास रुंद ठेवा. फोनवर दाखवू नका, मी फोन वाचत नाही."

त्यांचं घर आमच्या टाकानिनी उपनगरातच, माझ्यापासून चार गल्ल्यांवर. पण आमच्या वसाहतीतली सगळी घरं एकाच दिवशी एकाच साच्यातून काढल्यासारखी: राखाडी भिंती, काळं गॅरेज, दोन फूट हिरवळ. मी ऐटीत उघड्या दारातून आत शिरलो. एक पंजाबी कुटुंब पराठे खात होतं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि अर्धा कप झाल्यावर मी कोण म्हणून विचारलं.

काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "मी फोनवर काय म्हणालो होतो? आमचं घर, ज्याच्या दारात जँडल्स आहेत आणि जँडल्समध्ये मोजे आहेत, ते. तुम्ही मधला भाग गाळलात. घरं सारखी असली की मधलाच भाग महत्त्वाचा असतो, नितीनराव."

रघुनाथ केळुसकर. वय ऐंशीला टेकलेलं. अंगानं इतके बारीक की तपकिरी अर्ध्या स्वेटरला आत कोणी आहे याचा पत्ता नसावा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, कारण इथली थंडी टाचेतून वर चढते असा त्यांचा सिद्धांत होता. कानावर पेन्सिल: एक टोक तांबडं, एक निळं. चाळीस वर्षं लोअर परळच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. कायद्याची पुस्तकं, इंग्रजी आणि मराठी. मुलीकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आले ते चार वर्षं झाली तरी इथंच. का, ते घरात गेल्यावर कळलं.

जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला काकांची खुर्ची. समोर, भिंतीकडे पाठ करून, मालती काकू. निळं पातळ, वर लोकरी जॅकेट, चष्म्याला दोरी. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पलीकडच्या फ्रीजकडे पाहिलं.

"तिला आता माणसं लागत नाहीत," काका म्हणाले. "मी पण नाही. आधी सकाळी विचारायची, तुम्ही कोणाकडे आलात? आता तेही नाही. बसा. कॉपी तिच्याकडे द्या, पानं माझ्याकडे."

छापखान्याची एक रीत आहे. प्रूफ एकट्यानं तपासायचं नाही. एक जण मूळ कॉपी मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रूफ धरून पेन्सिल चालवतो. वाचणाऱ्यानं शब्दच नाही, चिन्हंही वाचायची. काकांचा वाचणारा सहकारी पहिल्याच पावसाळ्यात काम सोडून गेला, तेव्हा त्यांनी गॅल्या, म्हणजे कच्ची प्रुफं, घरी आणून काकूंना समोर बसवलं. काकू मॅट्रिक. कायद्याचं इंग्रजी त्यांना ओ की ठो कळायचं नाही. "म्हणूनच तिच्यासारखा वाचणारा झाला नाही," काका म्हणायचे. "ज्याला कळतं तो गाळतो. तुम्हाला कळतं, म्हणून तुमच्या अंकात चुका."

मी मूळ मजकुराचे कागद काकूंपुढे ठेवले. त्यांनी तळव्यानं कागद सपाट केला, चष्मा चढवला आणि अगदी वेगळ्याच, खणखणीत आवाजात सुरू केलं:

"अळूवडी नवी ओळ साहित्य अपूर्णविराम अळूची पाने स्वल्पविराम बेसन स्वल्पविराम चिंच स्वल्पविराम गूळ पूर्णविराम. इथल्या कोपऱ्यावरच्या डेअरीत अळू मिळत नाही स्वल्पविराम पण अवतरण सुरू पॅसिफिक अवतरण बंद भाजीवाल्याकडे हीप्स म्हणजे ढिगाने मिळतो पूर्णविराम."

मला हसू आलं. काकांची पेन्सिल पानावरून उंदरासारखी धावत होती. एका ठिकाणी ते अडखळले. काकूंनी मान वर केली.

"पेन्सिल का थांबली?"

"नाही थांबली. पुढे."

पान संपलं की काकू डावा तळवा पुढे करायच्या. तोंडानं काही नाही. पुढचं पान त्या तळव्यावर ठेवायचं.

आता मी तुम्हाला ती गोष्ट आधीच सांगून ठेवतो, जी माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. काकू आठवडाभर बोलायच्या नाहीत. मेधाशी नाही, नातीशी नाही. शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा, त्या टेबलावर, कॉपी पुढे आली की बोलायच्या. आणि आठवडाभरात काकांना उद्देशून त्यांच्या तोंडून निघणारं एकच वाक्य होतं: पेन्सिल का थांबली. मी हे दर शनिवारी समोर बसून पाहत होतो. मला काय दिसलं? एक चिकट म्हातारा, जो बटाटेवड्याच्या कृतीची तीन-तीन प्रुफं मागतो.

हो, तीन. पहिल्या शनिवारी पहिलं प्रूफ, दुसऱ्या शनिवारी दुसरं, तिसऱ्या शनिवारी तिसरं. चौथ्या शनिवारी अंक निघायचा, आणि त्या दिवशी काकांचा फोन यायचा. "पुढच्या अंकाचं काही आलंय का?" मी शुभदाला म्हणायचो, बघ, निवृत्त माणसाला उद्योग नसला की असं होतं.

काकांचा खरा जीव नावांत होता. त्यांचा नियम साधा होता. माणूस एकच असेल तर त्याच्या नावाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. अनेकांतला एक असेल तर एकही नको, कारण मग नावच सांगतं कुठला. आणि अर्धा नियम पाळणाऱ्यांवर त्यांचा जास्त राग. "नावाच्या आधी स्वल्पविराम दिलात आणि नंतरचा विसरलात! दार उघडून आत आलात, आता ते लावणार कोण?" मी एकदा अंकात 'माझी बायको शुभदा' असं लिहिलं होतं, बिनस्वल्पविरामाचं. काकांनी पानाच्या समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं आणि माझ्याकडे बराच वेळ सहानुभूतीनं पाहिलं.

"मग तुम्हीच घाला ना स्वल्पविराम."

"मी कसा घालीन? कॉपीत नाही ते प्रुफात घालायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं. बायको तुमची. किती आहेत ते तुम्ही सांगायचं."

याच हट्टापायी त्यांनी एकदा अख्खा छापखाना थांबवला होता. मृत्युपत्राच्या नमुन्यांचं पुस्तक होतं. 'माझा भाऊ दत्ताराम यास घर द्यावे.' काकांनी प्रश्नचिन्ह केलं. भाऊ एकच की अनेक? मालक म्हणाला, घाला नाहीतर काढा, पण मशीन चालू करा. काका म्हणाले, लेखकाला विचारा. लेखक वकील, ते कोर्टात. काका मशीनच्या दारात स्टूल टाकून बसले. "मग?" मी विचारलं. "मग काय. दुसऱ्या दिवशी वकील आले, म्हणाले, भाऊ काल्पनिक आहे हो. मी म्हटलं, काल्पनिक असला तरी मोजून सांगा."

हे सांगताना काकांनी काकूंकडे पाहिलं. ती कॉपी काकूंनीच वाचली असणार. काकू फ्रीजकडे पाहत होत्या.

आणि हा नियम काका बोलतानाही पाळायचे. चाळीस वर्षं चिन्हांसकट ऐकलेला माणूस. त्यांच्या बोलण्यातही चिन्हं उतरली होती. गणपतीत मंडळाच्या हॉलवर त्यांनी सगळ्यांची ओळख करून दिली. "ही माझी नात…" थांबले. "इरा…" थांबले. "इथंच शिकते." इरा दहा वर्षांची. ती म्हणाली, "आबा, जस्ट से इट!" मग, "ही माझी पत्नी… मालती… हिला बरं नसतं." ऐकणाऱ्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मीही पाहिलं. बायकोचं नाव आठवायला म्हाताऱ्याला एवढा वेळ लागतो?

इथून पुढचा मूर्खपणा सर्वस्वी माझा.

काकूंना स्मृतीच्या तपासणीसाठी न्यायचं होतं. मेधा स्थापत्य अभियंता. त्या दिवशी तिला साइट सोडता येईना, म्हणून गाडी मी काढली. डॉक्टर तरुण, गोड स्वभावाची. तिनं काकूंना चार प्रश्न विचारले. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ती काकांकडे वळली. काकांचं इंग्रजी कायद्याच्या पुस्तकातलं.

"माय वाइफ…" काका थांबले. डॉक्टरनं पेन उचललं. "मालती…" थांबले. पेन चाललं. "हॅज बीन वर्स सिन्स लास्ट विंटर."

"अँड यू, सर? आर यू मॅनेजिंग ओके, योरसेल्फ?"

"आय…" काका म्हणाले, आणि या वेळी ते खरोखरच थांबले. ते थांबणं वेगळं होतं, पण माझ्या कानांना तेवढी पारख कुठली.

मी पार्किंगमध्ये जाऊन मेधाला फोन लावला. विसरण्याच्या आजारावर मी नेटवर दोन लेख वाचले होते, म्हणजे जवळजवळ तज्ज्ञच झालो होतो. मी म्हणालो, "मेधा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण काकांचंही सुरू झालंय. नाव घेताना अडकतात. डॉक्टरनं पण टिपून घेतलं."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मलाही वाटत होतं रे. माझं नाव घ्यायच्या आधीसुद्धा थांबतात. मी कोणाला बोलले नाही. दोघं एकदम गेले तर मी काय करू?"

ती रडायला लागली. रडणाऱ्या बाईपुढे मला उपाय सुचतात, हा माझा दुसरा दुर्गुण. मी म्हणालो, "आधी त्यांच्या डोक्यावरचा ताण कमी करू. ते प्रुफाचं खूळ बंद करतो मी."

पुढच्या शनिवारी मी फोन केला. आवाज असा आनंदी, जणू बक्षीस देतोय. "काका, गुड न्यूज! अंक आता ऑनलाइन. तपासायला सॉफ्टवेअर घेतलंय. तुम्ही मस्त आराम करायचा. एकदम झकास, स्वीट अ‍ॅज!"

"बरं," काका म्हणाले. मग, "म्हणजे पानं येणार नाहीत?"

"एकही नाही!"

त्यानंतर चार शनिवार त्यांचा फोन आला. दुसऱ्या वेळी म्हणाले, "सॉफ्टवेअरनं तपासून झाल्यावर एखादं पान पाठवलंत तरी चालेल." तिसऱ्या वेळी म्हणाले, "अर्धं चालेल." मी म्हणालो, "काका, तुम्ही आता काही त्रास घ्यायचा नाही." चौथ्या वेळी त्यांनी नुसतं विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?" पाचव्या शनिवारी फोन आला नाही. मी शुभदाला म्हणालो, बघ, सुटला बिचारा.

हिवाळ्यात एका दुपारी काकू अनवाणी घराबाहेर पडल्या. रेल्वे फाटकाजवळ एका ट्रकवाल्यानं गाडी आडवी लावून त्यांना थांबवलं. आठवड्यात त्यांना रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, जागा मिळाली. मेधानं फोनवर हे सांगितलं आणि शेवटी सहज म्हणाली, "आई आता अजिबात बोलत नाही. दोन-अडीच महिने झाले, एक शब्द नाही."

मी भेटायला गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या खोलीत सकाळचा चहा चालला होता. टीव्हीवर रग्बी, पाहणारं कोणी नाही. कोपऱ्यात काकू, समोर काका. मधल्या छोट्या टेबलावर एक जुनं कथांचं पुस्तक उघडून ठेवलेलं. काका ते काकूंकडे सरकवायचे, काकू परत सरकवायच्या.

"वाचत नाही," काका मला म्हणाले. "घरी पहिल्यांदा दिलं तेव्हा निदान म्हणाली, हे छापून झालंय, आता वाचून कोणाचं भलं? आता तेवढंही नाही."

"वाचायलाच हवं असं कुठंय, काका?"

त्यांनी पुस्तक मिटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नितीनराव, तिला बाकी काही उरलेलं नाही. मी उरलेलो नाही. काम तेवढं उरलं होतं. कॉपी पुढे आली की ती यायची. दीड तास यायची. तुम्ही पानं बंद केलीत आणि ती यायची बंद झाली."

टीव्हीवर कोणीतरी ओरडलं. माझ्या हातात द्राक्षांची पिशवी होती, ती कुठं ठेवावी कळेना.

"मला सांगायचं नाहीत का, काका? मी कुठलेही कागद छापून आणले असते! जुने अंक आणले असते!"

"खोट्या कामाला बसवू तिला?" काका म्हणाले. "चाळीस वर्षं तिनं कधी विचारलं नाही, हे खरंच छापणार का. आता तिला कळत नाही म्हणून फसवू?"

मग मी, ज्याला कधी गप्प बसावं हे कळलेलं नाही तो मी, खरं कारण सांगून टाकलं. तुम्ही नावाआधी अडकता, मला वाटलं तुम्हालाही विसरायला होतंय, मेधालाही तसंच वाटलं, म्हणून.

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला हसणं म्हणावं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अडकतो? अहो, स्वल्पविराम देतो मी! एकच मुलगी आहे मला. एकच बायको. थांबायला नको?"

त्या संध्याकाळी मी मेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू शनिवारी यायचास, नितीन. मी तर रोज घरात होते."

पुढच्या शनिवारपासून पानं पुन्हा सुरू झाली. मंडळात ठराव वगैरे काही नाही. संपादकपदाचा एवढा एकच गैरवापर मी केला, की अंक पुन्हा कागदावर छापायचा ठरवून टाकला. पहिल्या दिवशी काकूंनी कागद तळव्यानं सपाट केला आणि नुसत्या बसून राहिल्या. काका पेन्सिल टेकवून वाट पाहत होते. बऱ्याच वेळानं, घोगऱ्या आवाजात, "हळदीकुंकू… स्वल्पविराम…" असं आलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन्सिलीचं टोक तेवढं हललं.

पण गेलेलं सगळं परत आलं नाही. पूर्वी बारा पानं व्हायची. आता दीड. मग एक. मग चार ओळी, आणि पाचव्या ओळीवर मान खाली. काका तेवढ्याच चार ओळी तपासायचे आणि बाकीचं प्रूफ घडी करून स्वेटरच्या आत ठेवायचे. "राहिलेलं पुढच्या शनिवारी." अंक महिनाभर उशिरा निघू लागला. लोक तक्रार करायचे. मी तांत्रिक अडचण आहे असं सांगायचो. संगणकवाल्यानं असं सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते रेस्ट होमच्या फाटकाशी. पाऊस भुरभुरत होता. मी गाडी बाहेर काढत होतो आणि ते बसची वाट पाहत उभे होते. मी सोडतो म्हटलं तरी यायचे नाहीत, बसमध्ये बसून त्यांना ती प्रुफाची घडी पुन्हा उघडायची असायची. मी वळणार तेवढ्यात त्यांनी काचेवर पेन्सिलीनं टकटक केलं. मी काच खाली केली. कानाच्या पाळीवरून पाणी ओघळत होतं, मोजे भिजून काळे झाले होते.

"पान तीन," ते म्हणाले. "तुमच्या मित्राच्या नावानंतरचा राहिलाय. दार उघडंच आहे." आणि हातानं दार लावल्यासारखं केलं. मागच्या आरशात ते दिसत राहिले: तपकिरी स्वेटर, छातीशी घडी, बस येते का ते बघायला थोडेसे रस्त्यात वाकलेले.

मंगळवारी सकाळी मेधा चहा घेऊन वर गेली तर ते खुर्चीतच गेलेले होते.

त्यांच्यावर अंकात अर्धं पान मीच लिहिलं. दुसरं कोण लिहिणार? सॉफ्टवेअरमधून काढलं. सॉफ्टवेअरनं हिरवी खूण केली: एकही चूक नाही. मी छापायला पाठवणार होतो, आणि मग मला लाज वाटली. ज्या माणसानं बटाटेवड्याला तीन प्रुफं दिली, त्याला एकही नाही?

शनिवारी दहा वाजता मी रेस्ट होममध्ये गेलो. काळजी घेणारी बाई "किया ओरा!" असा इथला नमस्कार करून म्हणाली, "ती दोन आठवडे एक शब्द बोललेली नाही, हं. वाईट वाटून घेऊ नका." काकू त्याच कोपऱ्यात होत्या. काका गेल्याचं मेधानं त्यांना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं.

मी काकांच्या खुर्चीत बसलो. कॉपी त्यांच्यापुढे ठेवली. प्रूफ माझ्यापुढे. पेन्सिल मेधानं दिली होती, तांबड्या बाजूनं झिजून बोटभर उरलेली. हे खोटं काम नव्हतं. सोमवारी छपाईला जायचं होतं. एवढंच मी स्वतःला सांगत होतो, कारण बाकी जे मी करत होतो ते चांगलं की वाईट मला ठाऊक नव्हतं. एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची बातमी चिन्हांसकट मोठ्यानं वाचायला लावणं.

पाच मिनिटं गेली. मग तळवा कागदावरून फिरला.

"रघुनाथ केळुसकर हे मुद्रितशोधक होते पूर्णविराम. शब्दांइतकेच त्यांचे लक्ष शब्दांमधल्या जागांवर असे पूर्णविराम." आवाज बारीक होता, पण सरळ. "त्यांच्या पत्नी मालती यांनी चाळीस वर्षे त्यांच्यासमोर बसून कॉपी वाचली पूर्णविराम."

स्वतःचं नाव त्यांनी अळू किंवा बेसन वाचावं तसं वाचलं. आधी थांबल्या नाहीत, नंतर थांबल्या नाहीत. थांबणार कशा? कॉपीत काही नव्हतंच. मी लिहिलं नव्हतं.

मी समासात प्रश्नचिन्ह केलं. आता लेखकाला विचारायचं. लेखक माझ्याच खुर्चीत बसला होता, नाक पुसत. मी नावाच्या आधी एक खूण केली, नंतर एक. दार लावून घेतलं.

"पेन्सिल का थांबली?"

मी वर पाहिलं. काकू चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होत्या. माझ्याकडे म्हणजे त्या खुर्चीकडे.

"नाही थांबली," मी म्हणालो. "पुढे."

"गेल्या महिन्यात स्वल्पविराम मंगळवारी सकाळी स्वल्पविराम ते गेले पूर्णविराम."

मग त्यांनी डावा तळवा पुढे केला.

मी एकच पान आणलं होतं. मी काय समजून एकच आणलं होतं, देव जाणे. अंकाची उरलेली अकरा पानं गाडीत, मागच्या सीटवर, मशीननं तपासून हिरवी खूण केलेली. "एक मिनिट, काकू," म्हणून मी धावलो. दारातल्या ओल्या पायपुसण्यावर घसरलो, एक जँडल तिथंच राहिली, एका पायानं पार्किंग ओलांडलं, किल्ली चुकीच्या खिशात शोधली. पानं आणि त्यांचा मूळ मजकूर छातीशी धरून परत आलो, तोवर खात्री झाली होती की आता त्यांची नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली असणार.

तळवा तसाच पुढे होता.